सासूबाईंची डबी

१४ ऑक्टोबर

ही वही माझ्या कपाटात कित्येक वर्षं कोरी पडून होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं: घरात शांतता आली. म्हणजे येईल असं वाटतंय.

आमच्याकडे आजवर घर गरम-गार करायला एकच जुनाट यंत्र होतं आणि त्याचं एकच बटण, हॉलमध्ये. सासूबाईंना बाराही महिने उकडतं. भर थंडीत त्या खिडकी उघडून बसतात. सासरे उन्हाळ्यातही मफलर सोडत नाहीत. त्यात दोघांचा अबोला. तो माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. कशावरून झाला ते त्यांच्या मुलाला, म्हणजे यांनाही माहीत नाही. यांनी आईला विचारलं तर म्हणते, बाबांना विचार, आणि बाबांना विचारलं तर म्हणतात, तिला विचार. तेव्हा बटणाची सगळी लढाई माझ्यामार्फत चालायची. "सूनबाई, त्यांना सांग, ही भट्टी बंद करा." "सूनबाई, तिला सांग, इथे माणूस राहतो, मासे नाहीत." लग्न करून मी या घरात सून म्हणून आले की टपाल खातं म्हणून, हेच मला कधी कळलं नाही.

मी कोल्ड स्टोरेज चालवते. तिथे बटाट्याला एक हवा, सफरचंदाला दुसरी, बियाण्याला तिसरी. एका खोलीची हवा दुसऱ्या खोलीत जात नाही, म्हणून माल टिकतो. मग घरात वेगळं का? म्हणून हे नवं यंत्र. माळ्यावर एक मोठं धूड, तिथून प्रत्येक खोलीत पत्र्याचा नळ, नळात झडप, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक डबी. डबीवर आकडा लावायचा. जिची डबी मागेल तिची झडप उघडेल. ज्याची खोली त्याचं राज्य.

बसवणारा फिटर सारखा गुणगुणत असतो आणि एक वाक्य पुरं करत नाही, पण हात चांगला आहे. आई-बाबांच्या खोल्या शेजारी-शेजारी, मधे एक भिंत, तेव्हा दोन्ही डब्यांच्या तारा त्याने एकाच भोकातून माळ्यावर नेल्या. मग म्हणाला, एकेक खोली वेगवेगळी चालवून बघतो. माझ्या गोदामाच्या दाराशी सफरचंदांचा ट्रक येऊन उभा होता. मी म्हटलं, सगळ्या डब्या एकाच आकड्यावर लावा, सगळीकडे ऊब आली की झालं. सगळीकडे आली. मी पळाले.

१७ ऑक्टोबर

शांतता कसली! सासूबाई घामाने निथळताहेत आणि सासरे दोन रजया पांघरून बसलेत. दोघांचंही मत एकच की डबी कुचकामी आहे. त्यांचं एकमत झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी सांगितलं की यंत्रालाही घराची सवय व्हावी लागते. हे ज्ञान मी कुठून आणलं कुणास ठाऊक.

२९ ऑक्टोबर

सवय झाली! चार-पाच दिवस झाले, एकही निरोप नाही. बाबांचा मफलर खुंटीला आहे आणि आईच्या खोलीची खिडकी चक्क बंद.

आज नळांच्या तोंडावरच्या जाळ्या पुसायला गेले तर गंमत पाहिली. सासूबाईंच्या डबीवर सव्वीस. ज्या बाईला विसावर घाम फुटतो तिच्या डबीवर सव्वीस! आणि बाबांच्या डबीवर अठरा. ते सदऱ्यावर बसून वाचत होते. मी विचारलं, अठरावर बरं वाटतं का? म्हणाले, मला हवी तेवढी ऊब आहे. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं बरं चाललंय. तू डबीला हात लावू नकोस."

म्हणजे इतकी वर्षं दोघांनी सांगितलं एक आणि हवं होतं दुसरंच. मला उगाच वेठीला धरलं. हे म्हणाले, तुला काय करायचंय, भांडण मिटलं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची.

११ नोव्हेंबर

आज थंडीचा पहिला खरा दिवस. जेवताना सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, हात धुतला आणि पानावरून उठून खोलीत गेल्या. लगेच परतही आल्या. औषध विसरलात का विचारलं तर म्हणाल्या, तू जेव. थोड्या वेळाने बाबा आपल्या खोलीत जाऊन आले ते स्वेटर काढूनच. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. आईंनी त्या स्वेटरकडे पाहिलं आणि पानात बघून हसल्या. माझ्या हातच्या जेवणाला त्या कधी हसल्या नाहीत म्हणून लक्षात राहिलं.

नंतर बाबा म्हणाले, डबी बघून येतो. दोघांना डबीचं वेडच लागलंय. म्हातारपणी खेळणं मिळालं. भिंतीला कान लावून बसतात आणि मग आकडा एकाने खाली, एकाने वर. असो. निदान मला हाका नाहीत.

६ डिसेंबर

सासूबाई गेल्या.

हृदय आधीपासून कमजोर होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांत घरी जातील. दुपारी मी जवळ बसले होते. एकदम डोळे उघडून म्हणाल्या, "माझी डबी उतरवू नकोस." मी म्हटलं, नाही उतरवत, सोमवारी तुम्ही घरी याल तेव्हा सव्वीसच असेल. मग म्हणाल्या, "आणि त्यांना सांग..." मी वाट पाहिली. इतक्या वर्षांची सवय, निरोप घ्यायला मी तयारच होते. पण त्यांनी मान हलवली. "नको. त्यांना माहीत आहे."

हे न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाबा रडले नाहीत. आपल्या खोलीत त्या मधल्या भिंतीकडे तोंड करून बसून आहेत. मला वाटलं होतं मला एवढं वाईट वाटणार नाही. वाटतंय.

१३ डिसेंबर

पाहुणे गेले. आज मी सासूबाईंची खोली आवरली आणि बंद केली. गोदामात आमचा नियमच आहे, रिकामी खोली चालू ठेवायची नाही. डबी अगदी खाली उतरवली. त्यांचं बोलणं आठवलं, पण ते परत यायच्या हिशेबाने होतं. आता ऊब कुणाला द्यायची?

१५ डिसेंबर

बाबांची खोली गार पडलीये. डबी अठरावर आहे, पण खोलीत बाराही नसेल. त्यांची नखं निळसर दिसली. मी डबी पंचवीसवर नेली. थोड्या वेळाने जाऊन पाहिलं तर खोली होती तशीच गार.

त्यांच्यासाठी सासूबाईंची जाड रजई आणावी म्हणून बंद खोली उघडली. दारातच थांबले. आत ऊब होती. नुसती ऊब नाही, आताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाची असते तशी. डबी तळाला होती, मी ठेवली तशीच. जाळीपाशी हात धरला तर गरम वाफारा येत होता. रजई न घेताच मी बाहेर आले.

यांना सांगितलं. हे म्हणाले, आईने तिकडूनही बाबांचं पांघरूण ओढलं वाटतं. बोलून गेले आणि लगेच फिटरचा नंबर शोधायला लागले.

फिटरला निरोप दिलाय. तो म्हणतो, थंडी आहे, सगळ्यांचीच यंत्रं एकदम आजारी पडलीत, सवड झाली की येतो.

१९ डिसेंबर

हे मला लिहायचं नव्हतं, पण मग वही कशाला आहे?

परवा कामावरून आले तर बाबांची खोली छान उबदार, आणि डबी त्यांनी पुन्हा अठरावर आणलेली. मला वाटलं, सुटले, यंत्र आपोआप सुधारलं. सासूबाईंच्या खोलीत डोकावले. आत गारवा, त्यांना आवडायचा तसा. आणि डबीवर सव्वीस.

बाबांना विचारलं. म्हणाले, मी गेलो नाही. त्यांचे गुडघे असे की संडासापर्यंत जायला काठी आणि भिंत दोन्ही लागतात, पण माणूस दुःखात काय करील सांगता येत नाही. मी डबी उतरवली. रात्रीपर्यंत बाबा पुन्हा गारठले. काल संध्याकाळी पाहिलं, पुन्हा सव्वीस. मी पुन्हा उतरवली. आज पुन्हा.

मी माल थंड ठेवून पोट भरणारी बाई. बंद खोल्यांत एकटी जाते, अंधारात जाते, मागे दार लागलं तरी कधी घाबरले नाही. आज डबी उतरवली आणि तिच्याकडे पाठ न करता मागे मागे बाहेर आले. आणि खरं सांगायचं तर भूत वगैरे मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की मी त्यांचं ऐकत नाहीये आणि त्या चिडल्यात.

आज मी त्या खोलीला कुलूप घातलं. एकच किल्ली, ती गोदामाच्या जुडग्यात.

२३ डिसेंबर

जुडगा दिवसभर माझ्या खिशात होता. संध्याकाळी मी यांना म्हटलं, तुम्ही बरोबर चला. कुलूप जसंच्या तसं. खिडकीची कडी आतून लावलेली. डबीवर सव्वीस, आणि डबी ऊब मागत असली की लागतो तो बारीकसा हिरवा दिवा लागलेला.

हे दारातच उभे राहिले. मी म्हटलं, बिघाड असणार. ते म्हणाले, असणार. दोघंही असं बोललो जसं काही आत कुणी झोपलंय. डबी उतरवायला मी पुढे झाले तर यांनी माझा हात धरला. म्हणाले, आज राहू दे. बाबा आज बरे आहेत, उगाच काही छेडू नकोस. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध हे मी विचारलं नाही. कुलूप लावून आम्ही चहा केला आणि प्यायलाच नाही.

२७ डिसेंबर

उलगडा झाला! मला इतकं हलकं वाटतंय की मी फिटरला दोनदा जेवायला थांबवलं.

तो माळ्यावर चढला, झाकण काढलं आणि गुणगुणायचा थांबला. मग हसायला लागला. दोन्ही खोल्यांच्या तारा एकमेकींत गेलेल्या. बाबांच्या खोलीतली डबी आईंच्या खोलीची झडप उघडायची आणि आईंची डबी बाबांची. सुरुवातीपासून. सगळ्या डब्या एकाच आकड्यावर लावून बघितल्यावर हे कळणार कसं? तो म्हणाला, त्या दिवशी घाई होती ना जरा. घाई कुणाची होती हे त्याने सभ्यपणे सांगितलं नाही.

म्हणजे मी रिकामी खोली बंद केली ती नव्हतीच केली, बाबांची केली होती! आणि बाबांची डबी ऊब मागत राहिली, ती भिंतीपलीकडे जात राहिली. हे कळल्यावर मला बाबांसमोर उभं राहवेना.

आणि आधीचं? सव्वीस आणि अठरा? फिटर म्हणाला, म्हाताऱ्यांना कधीच कळलं असणार. तुमच्या सासूबाई स्वतःच्या डबीवरून सासऱ्यांना ऊब द्यायच्या आणि सासरे स्वतःच्या डबीवरून त्यांना गारवा. ते ऐकून हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, दोघंही हट्टी, फिटरला एक निरोप दिला असता तर काम झालं असतं.

आपोआप सव्वीसवर जाण्याचं काय, तर फिटर म्हणाला, आतलं काहीतरी जळलं असेल. डबीच बदलून नवी कोरी लावून गेला. तारा जागच्या जागी. आता ज्याची खोली त्याचं राज्य.

बाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, झालं दुरुस्त? म्हटलं, झालं, आता तुमची डबी तुमचीच. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, बरं.

२ जानेवारी

बाबा ऐकत नाहीत. डबी पुन्हा अठरावर. आता अठरा म्हणजे त्यांच्याच खोलीत अठरा, आणि त्या म्हाताऱ्या हाडांना ते सोसत नाही. मी चोवीसवर नेते, माझी पाठ वळली की ते अठरावर आणतात. आज सोळा होतं. मी जरा आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, तिला उकडतं.

डोक्यावर परिणाम झालाय का, असं मी यांना विचारलं. हे म्हणाले, सवय आहे, सुटेल.

दुसरी गोष्ट. सासूबाईंच्या खोलीला कुलूप आहेच. आज त्या दारावरून जाताना पायाला ऊब लागली, दाराखालच्या फटीतून. उघडलं तर भट्टी. नव्या डबीवर सव्वीस. मी ती उतरवली, कुलूप घातलं आणि यांना सांगितलं नाही. नवी डबी आहे. नव्या डबीत काय जळणार?

९ जानेवारी

दवाखान्यात बसून लिहितेय.

थंडीची लाट आली. गोदामाची वीज गेली आणि बटाटे वाचवायला मी रात्रभर तिकडे होते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड, म्हणजे बटाटे गोठू नयेत म्हणून शेगड्या पेटवत होतो. सकाळी घरी आले. हे झोपले होते. बाबांचं दार लोटलं तर तोंडातून वाफ निघावी असा गारठा. डबीवर दहा. त्यांनी स्वतः केलेलं दहा. अंगावरची रजई घडी करून पायाशी ठेवलेली. ओठ काळेनिळे, हाका मारल्या तर डोळे अर्धे उघडले.

शेजारच्या खोलीच्या दारातून ऊब येत होती. उघडून बघायला मला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, म्हातारा माणूस इतक्या थंडीत ठेवला कुठे होता? मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक खोलीला वेगळी ऊब आहे. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती मी विसरणार नाही. छातीत कफ भरलाय. दोन दिवस महत्त्वाचे, म्हणाले.

लोकांचा माल टिकवते मी. आणि घरातलं माणूस असं.

१३ जानेवारी

धोका टळला. आज बाबा बोलले. मी त्यांना पेज भरवत होते. ते थकून उशीला टेकले तेव्हा मी विचारलंच, बाबा, तुम्ही असं का केलंत? दहावर का?

ते म्हणाले, "मी माझ्यासाठी नव्हती उतरवली. तिच्यासाठी उतरवली. लाट आली की ती घाबरते, सगळं बंद करून घेते आणि मग तिला कोंडतं."

मी म्हटलं, बाबा, आता तारा सरळ केल्यात. तुमची डबी त्यांच्या खोलीला लागत नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू नीट केलंस. तेव्हापासून तिचं मला पोचत नाही आणि माझं तिला." जरा दम घेतला. "पण म्हणून तिने थांबवलंय का? मग मी कसा थांबवू?"

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं होतं तारा उलट्या आहेत ते? म्हणाले, तिसऱ्या दिवशी. त्यांनी चिडून डबी खाली आणली आणि भिंतीपलीकडून खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांच्याच पायाला ऊब लागली. "इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, सूनबाई. तुला सांगितलं असतं तर तू फिटर बोलावला असतास."

खरंच बोलावला असता. मी तिथेच, पेजेची वाटी हातात घेऊन, रडले. नर्स येऊन विचारून गेली, काय झालं? काही नाही म्हटलं. इतकी वर्षं मी या दोघांचे निरोप पोचवत होते आणि ज्याच्यात बोलणं होतं तेवढंच नेमकं माझ्या हातून तुटलं.

१६ जानेवारी

फिटरला बोलावलं. म्हटलं, तारा पुन्हा उलट्या करा.

त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मग म्हणाला, ताई, दुरुस्त केलेलं बिघडवायला मला आजवर कुणी बोलावलं नाही, माझं नाव खराब होईल. मी म्हटलं, माझं होऊ दे. घरात वेडं कोण आहे याचा अंदाज घेत तो आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होता. हे म्हणाले, करा हो, तिचं सगळं उलटंच असतं. शेवटी चढला माळ्यावर. या वेळी गुणगुणला नाही. जाताना म्हणाला, एकेक खोली वेगळी लावून बघितलीये, बिनचूक चुकीचं आहे.

२० जानेवारी

बाबा घरी आले. उठवत नाही, धरून बसवावं लागतं. आल्या-आल्या म्हणाले, मला डबीपाशी ने. यांनी काखेत हात घालून उभं केलं. बाबांनी अठरा लावलं आणि पडून राहिले.

आता पलीकडची सव्वीसवर न्यायला हवी. ते काम माझं, असं मी ठरवलं होतं. दवाखान्यात असतानाच ठरवलं होतं, की रोज संध्याकाळी सून म्हणून मी ती चढवीन आणि बाबांना सांगणार नाही. कुलूप काढलं. हिरवा दिवा लागला होता. सव्वीस.

फिटर गेल्यापासून त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं. तो गेला तेव्हा मीच डबी तळाला ठेवून कुलूप लावलं होतं.

मी उभी राहिले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण पळावंसं वाटलं नाही. आल्यासारखी मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलला आणि बाहेर आले. कुलूप पुन्हा घातलं नाही. भिंतीपलीकडे बाबा मफलर सोडवून मागत होते.

११ फेब्रुवारी

विशेष काही नाही. बाबांना दोन घास जास्त जातात. थंडी आहेच. रोज कामावरून आले की मी आधी त्या खोलीत डोकावते. दिवा लागलेला असतो. मग मी स्वयंपाकाला लागते. गोदामातल्या कुणाला हे सांगितलं तर उद्यापासून मला किल्ल्या देणार नाहीत.

परवा जरा जास्तच गार पडलं तेव्हा अठ्ठावीस होतं. काल ऊन आलं, पुन्हा सव्वीस. आता मी त्या डबीला हात लावत नाही.

डॉक्टर येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले, पण यांना बाजूला घेऊन म्हणाले की दिव्यातलं तेल संपत आलंय, वात जळेल तेवढी जळेल. म्हणजे काय ते मला कळलं. बाबांनाही कळलं असावं. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि एक तळवा भिंतीला टेकवलेला असतो. विचारलं तर म्हणतात, ऊब येते.

४ मार्च

रविवार, तेव्हा घरीच होते. बाबा दुपारी चांगले जेवले. यांच्याशी यांच्या दुकानाबद्दल बोलले, मला म्हणाले तू जरा पड आता. मग स्वतः झोपले. मी दार ओढून घेतलं. हे मागच्या अंगणात लाकडं रचत होते. आज बोचरा वारा होता.

दिवे लावायच्या वेळेला मी सवयीने सासूबाईंच्या खोलीत डोकावले. अंधार होता. हिरवा दिवा नव्हता. मला वाटलं, वीज गेली, पण पॅसेजमधला दिवा चालू होता. जवळ जाऊन पाहिलं. डबी तळाला उतरवलेली होती.

इतक्या दिवसांत ती माझ्याशिवाय कुणी उतरवली नव्हती. मला रागच आला. बाहेर वारा, बाबा आजारी, आणि आज असं का? आता बाबांची खोली गार पडेल म्हणून मी ती चढवायला बोट पुढे केलं.

मग बोट तसंच राहिलं. ज्याच्यासाठी चढवायची तो.

मी बाहेर येऊन बाबांच्या दाराशी उभी राहिले. आतून खोकला नाही, काही नाही. दार उघडवेना. मागच्या दारात जाऊन मी यांना हाक मारली. माझा आवाज ऐकूनच यांनी हातातलं लाकूड खाली टाकलं. आम्ही दोघं एकदम आत गेलो.

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खोली अजून छान उबदार होती.